काळा ओटा, फिकट प्लॅटफॉर्म आणि सीलरची एकच बाटली

तक्रार अशी होती : "सीलर लावायला लागल्यापासून ओट्यावर जास्तच डाग पडतायत." सांगताना काकू जरा अवघडल्या होत्या, कारण डाग पडू नयेत म्हणूनच तर सीलर लावायचा असतो. पण त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर होते. त्या स्वयंपाकघरात दोन जातींचे दगड होते. एकाला सीलरची गरज नव्हती, दुसऱ्याला होती, आणि दोघांवरही एकच बाटली फिरली होती. दगडाच्या ओट्यांबद्दल माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच गोंधळात असते, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

जागा आणि दगड

घर पुण्यातले, सिंहगड रोडवरचे. सोसायटीत पिण्यापुरते महापालिकेचे पाणी, वापरायला बोअरचे. मुख्य ओटा एल आकाराचा, काळ्या ग्रॅनाइटचा, इमारत झाली तेव्हा बिल्डरनेच बसवून दिलेला. त्याखाली नेहमीप्रमाणे कडाप्प्याचे उभे-आडवे कप्पे. समोरच्या भिंतीला काही वर्षांपूर्वी एक सर्व्हिस प्लॅटफॉर्म घातला. त्यावर पाण्याचा फिल्टर, मिक्सर, लोणच्याच्या बरण्या आणि हात धुण्यापुरता छोटा सिंक. हा दगड पांढरा-करडा, अंगावर डाळिंबी ठिपके असलेला. बाजारात तो काश्मीर व्हाइट म्हणून मिळतो, निघतो मात्र तामिळनाडूत. ते डाळिंबी ठिपके म्हणजे गार्नेट या खनिजाचे कण. तो गंज नव्हे. हे आधीच सांगितलेले बरे, कारण ते ठिपके घासून काढायला निघालेली माणसे मी पाहिली आहेत.

दुकानात ग्रॅनाइट म्हणून जे विकले जाते त्यात बरेच वेगवेगळे खडक येतात. काळे दगड बहुतेक गॅब्रो किंवा डोलेराइट या गडद, जड खडकांच्या जातीचे असतात. आंध्रात प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमकुर्तीला निघणारा ब्लॅक गॅलेक्सी याच घराण्यातला, त्यातले सोनेरी कण ब्रॉन्झाइट या खनिजाचे. या दगडांची घनता पाण्याच्या तिपटीच्या आसपास जाते आणि कण एकमेकांत इतके घट्ट गुंतलेले असतात की पाण्याला आत शिरायला जवळजवळ वाटच नसते. काश्मीर व्हाइटसारखा फिकट दगड क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार या खनिजांचा बनलेला असतो आणि त्याच्या कणांच्या सांध्यांतून पाणी, तेल, चहा हळूहळू आत झिरपतात. इमारतीत वापरायच्या ग्रॅनाइटसाठी एएसटीएम सी615 हे अमेरिकन मानक पाणी शोषण्याची मर्यादा वजनाच्या 0.40 टक्के धरते. आकडा लहान दिसतो, पण 20 मिलिमीटर जाडीच्या लादीचा एक चौरस मीटर साधारण 53 किलो भरतो. त्याचे 0.4 टक्के म्हणजे 200 ग्रॅमहून जास्त पाणी. मर्यादेत बसणारा दगडसुद्धा डाग पडण्याइतके पिऊ शकतो, हे यावरून कळावे.

कडाप्पा या दोन्हींपेक्षा वेगळा. तो चुनखडक आहे आणि आंबट लागले की त्याची खरोखरच झीज होते. जुन्या वाड्यांत आणि चाळींत ओटे कडाप्प्याचे किंवा शहाबादी फरशीचे असत. "दगडावर लिंबू पिळू नये" ही शिकवण तिथून आलेली आहे आणि त्या दगडांपुरती ती बरोबरच आहे. ग्रॅनाइट आल्यावर दगड बदलला, शिकवण तशीच राहिली.

काय दिसत होते

काळ्या ओट्यावर चिरायच्या जागेजवळ राखाडी, कडा स्पष्ट असलेले गोल होते, लिंबाच्या फोडीएवढे. शेगडीच्या बाजूला कढई उतरवायच्या जागी पांढुरकी वलये. खिडकीतून उजेड तिरपा आला की पूर्ण ओट्यावर फडक्याचे हात उमटल्यासारखे पट्टे दिसत. सिंकच्या नळाभोवती पांढरा खर. आणि सिंकलगतच हाताच्या पंजाएवढी एक जागा, जिथली चमकच गेलेली.

सर्व्हिस प्लॅटफॉर्मवर प्रकार उलटा होता. छोट्या सिंकच्या नळाभोवती गडद, तेलकट वलय. फिल्टरच्या तोटीखाली सदा ओलसर दिसणारा पट्टा. मिक्सरच्या आसपास करड्या रेघा, ज्यांना घरातले सगळे ओरखडे म्हणत होते. आणि लोणच्याच्या बरणीखाली एक लालसर गोल. या गोलाने काकू सर्वांत जास्त घाबरल्या होत्या. डाग आधी पिवळा होता. त्यांनी त्यावर खाण्याचा सोडा भिजवून लावला, तर तो डोळ्यांदेखत तांबडा झाला. "आतून दगड गंजतोय की काय?" असे त्यांनी मला फोनवरच विचारले होते.

पूर्वी काय काय लावले गेले तेही विचारून घेतले. नूतनीकरणाच्या वेळी ठेकेदाराने दोन्ही दगडांवर सीलर लावला आणि दर दिवाळीआधी एक हात मारायला सांगितले. तो हात दरवर्षी मारला गेला. काम झाले की ठेकेदाराचा माणूस ओट्यावर पाणी शिंपडायचा आणि मोत्यासारखे उभे राहिलेले थेंब दाखवायचा. मधल्या काळात चमक यावी म्हणून काळ्या दगडावर खोबरेल तेलाचे फडके फिरवले जाई आणि नळाजवळचा खर निघत नाही म्हणून एकदा संडास साफ करायचे ॲसिड वापरले होते. ही शेवटची गोष्ट सुनेने जरा दबक्या आवाजात सांगितली. सांगितली हे फार चांगले केले, नाहीतर त्या मंद झालेल्या जागेचे कारण शोधण्यात बराच वेळ गेला असता.

डाग फिकट की गडद

दगडावरचा डाग पाहिला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो. मूळ दगडापेक्षा डाग गडद असेल तर काहीतरी दगडाच्या आत गेले आहे. पाणी, तेल, रंग, काहीही. तो आतूनच बाहेर ओढून काढावा लागतो. डाग फिकट असेल तर दगडाच्या वर काहीतरी बसले आहे, किंवा वरचे काहीतरी निघून गेले आहे. क्षार बसलेले असतील, लावलेला थर खराब झाला असेल, पॉलिश गेले असेल, किंवा दगडाला दिलेला रंग उतरला असेल.

हा रंगाचा प्रकार ओटा निवडतानाच माहीत असायला हवा. करडा, स्वस्त दगड काळा दिसावा म्हणून त्याला काळा रंग किंवा तेल-मेण चोळून विकण्याची चलाखी या धंद्यात आहे. घरी आणल्यावर वर्षभरात लिंबू, व्हिनेगर, साबण यांनी तो रंग जागोजागी उतरतो आणि राखाडी चट्टे पडतात. ओळखायचे सोपे आहे : पांढऱ्या सुती फडक्यावर ॲसिटोन घेऊन दगडावर जोरात चोळायचे. फडके काळे झाले तर दगड रंगवलेला आहे. नमुन्याचा तुकडा दुकानातच असा चोळून पाहावा. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही.

काकूंच्या काळ्या ओट्यावर सगळे डाग फिकट होते, प्लॅटफॉर्मवर सगळे गडद. एवढ्यावरूनच दोन्हीकडचा आजार वेगळा असल्याचा अंदाज आला होता, पण अंदाजावर औषध देता येत नाही.

तपासणी

शेगडीमागच्या कोपऱ्यात, जिथे रोजचे फडके पोहोचत नाही, तिथे दाढीचे नवे पाते जवळजवळ आडवे धरून हळूच पुढे सरकवले. पात्यापुढे एक पारदर्शक, किंचित पिवळसर पापुद्रा गोळा होत गेला. बोटांत घेतला तर चिकट. खाली उघडी पडलेली पट्टी आजूबाजूच्या दगडापेक्षा खोल काळी आणि स्वच्छ चमकणारी होती. त्याच जागी ॲसिटोनचे फडके चोळले. ते पिवळट, चिकट झाले, काळे मुळीच नाही. म्हणजे दगड अस्सल काळा होता आणि त्याच्या वर थर होता. ठेकेदाराने ठेवून दिलेली बाटली सुनेने कपाटातून काढली. लेबलवर ॲक्रिलिक, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिक, आणि चमक देणारा थर असे स्पष्ट लिहिलेले होते.

आता लिंबाची परीक्षा. एक थेंब उघड्या केलेल्या पट्टीवर, एक थर असलेल्या जागी, एक खालच्या कडाप्प्याच्या कप्प्यावर कडेला. अर्ध्या तासाने तिन्ही पुसले आणि टॉर्च दगडाला समांतर धरून पाहिले. उघड्या काळ्या दगडाला काहीही झाले नव्हते. कडाप्प्यावर निस्तेज ठिपका पडला होता, जो आता घासून जाणार नाही. आणि थरावर तोच राखाडी गोल उमटला होता, ज्याची तक्रार होती. काकूंनी वाकून तिन्ही जागा पाहिल्या आणि पुन्हा एकदा पाहिल्या.

म्हणजे डाग ओट्यावर पडतच नव्हते, ते सीलरवर पडत होते. ॲक्रिलिकचा थर आंबटाने, सतत साचलेल्या पाण्याने आणि उष्णतेने पांढुरका होतो. कढईची वलये त्याचीच. दगडाला स्वतःला गरम भांड्याचे काही वाटत नाही, पण थराला वाटते. दरवर्षी नवा हात मारला की जुने डाग त्याखाली अडकत आणि वर नवे पडत.

थेंब मोत्यासारखे उभे राहतात म्हणजे काम चांगले झाले, हा समज इथे सर्वांत घातक ठरला. मेण लावलेल्या, तेल पुसलेल्या, प्लास्टिकचा थर बसलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर थेंब उभा राहतो. त्याने दगडाबद्दल काहीच कळत नाही. पाहायचे असते ते हे की थेंब दहा-पंधरा मिनिटे ठेवून पुसल्यावर खालची जागा गडद झाली का. आणि तेही थर, तेल, साबण सगळे काढलेल्या दगडावर. उघड्या काळ्या पट्टीवर पाणी तसेच ठेवून चहा झाला, गप्पा झाल्या, पुसले, काही फरक नाही. प्लॅटफॉर्मवर फिल्टरजवळ, जिथे वापराने थर झिजून गेला होता, तिथे पाच मिनिटांतच थेंबाखाली करडा डाग पडला.

हे सगळे समजावताना काकू म्हणाल्या, "मी तर रोज इथंच पोळ्या लाटते हो. पोळपाट लहान पडतो म्हणून थेट ओट्यावरच." ओट्याची ती कडा मी पाहिली. लाटण्याखाली आणि उलथन्याने पीठ खरवडताना तिथला थर पातळ होत होत किनारीला सोलला गेला होता. बाटलीवर अन्नाचा संबंध येणाऱ्या जागेसाठी ते चालते असा कुठेही उल्लेख नव्हता. डाग राहू देत, पण एवढ्या एका कारणासाठीसुद्धा तो थर काढायलाच हवा, असे मी त्यांना सांगितले. त्यांना सांगायची गरजही नव्हती.

काळा ओटा : फक्त काढायचे, लावायचे नाही

थर काढायला ॲसिटोन वापरला. तो फार पटकन पेट घेतो आणि स्वयंपाकघरात तो वापरताना हयगय चालत नाही. गॅसचा मुख्य कॉक बंद, देवघरातला दिवा आणि उदबत्ती विझवलेली, खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट किंवा फ्रिजचे बटण त्या वेळात चालू-बंद करायचे नाही, मुले दुसऱ्या खोलीत. हातात नायट्राइलचे मोजे. हातभर जागा घ्यायची, फडके भिजवून त्यावर मिनिटभर ठेवायचे, विरघळलेला थर पुसून फडके बदलायचे. एकच फडके फिरवत राहिले तर विरघळलेले ॲक्रिलिक पुढच्या जागेवर पसरते आणि काम वाढते. कोपऱ्यात साचलेल्या जाड भागाला प्लास्टिकची पट्टी लावली. बऱ्याच ठिकाणी एकाखाली एक थर निघाले.

वापरलेली फडकी लगेच घराबाहेर मोकळ्या हवेत वाळवावीत, बंद डब्यात किंवा पिशवीत कोंबू नयेत.

कोणाकडे असा थर नसेल, पण आत मुरणारा सीलर घट्ट दगडावर लावून नीट न पुसल्यामुळे पांढुरके पट्टे आले असतील, तर बहुतेकदा एक सोपा मार्ग चालतो. तोच सीलर पुन्हा थोडा लावायचा, वाळलेला भाग त्यात मऊ होतो, आणि दोन-चार मिनिटांतच कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढायचा. इथे तो लागू नव्हता, कारण बाटलीच वेगळ्या जातीची होती.

थर गेल्यावर लिंबाचे गोल गेले, कढईची वलये गेली, पट्टे गेले. यांतला एकही दगडात नव्हता. नळाभोवतीचा खर मात्र राहिला. तो बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. अर्धे पाणी, अर्धे पांढरे व्हिनेगर भिजवलेला टिश्यू पेपर त्यावर थोडा वेळ ठेवला, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला, लगेच धुतला. हे करताना ओट्याच्या पुढच्या कडेला जुने टॉवेल गुंडाळून ठेवले होते. व्हिनेगरचा ओघळ खाली कडाप्प्यावर गेला असता तर वरचा डाग काढताना खालचा कायमचा पडला असता.

पंजाएवढी मंद जागा तशीच राहिली. ती ॲसिडची. संडासाच्या क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि घट्ट काळ्या दगडातलीही काही खनिजे त्यापुढे टिकत नाहीत, पॉलिश जाते. गंज काढायच्या काही द्रवांत तर हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारही खाते आणि माणसाच्या त्वचेतून आत जाऊन गंभीर इजा करते. ते घरात आणूच नये. पॉलिश गेलेली जागा कुठल्याही द्रवाने परत येत नाही. पाणी सोडत हिऱ्याच्या पॅडने क्रमाने बारीक होत घासावी लागते.

काळ्या ओट्यावर शेवटी मी काहीच लावले नाही. ज्या दगडात सीलर शिरत नाही त्यावर तो वरच वाळतो, आणि पुढच्या तक्रारीची तयारी होते.

फिकट प्लॅटफॉर्म

इथेही उरलेसुरले ॲक्रिलिक आधी काढले. मग एकेक डाग.

करड्या रेघा ओरखडे नव्हत्या. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या 1 ते 10 च्या मोहस् मापावर फेल्डस्पार 6, क्वार्ट्झ 7. स्टील आणि ॲल्युमिनियम दोन्ही त्यांच्यापेक्षा मऊ. डबा किंवा मिक्सरचे भांडे घासले की दगड कापला जात नाही, भांड्याचा धातू दगडावर घासून बसतो. भांडी चकचकीत करायच्या पावडरीपैकी सौम्य, ऑक्झॅलिक आम्ल असलेली पावडर ओल्या फडक्यावर घेऊन चोळली, रेघा गेल्या. लगेच भरपूर पाण्याने धुतले.

लोणच्याचा लाल गोल म्हणजे हळदच. हळदीतले कर्क्युमिन अल्कलीत तांबडे होते. कुंकू पूर्वी याच गुणावर हळद आणि चुन्यापासून करत. सोड्यानेही तेच झाले. गंजाचा काही संबंध नव्हता. हे सांगितल्यावर काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण लगेच उतरला. कर्क्युमिन ॲसिटोनमध्ये विरघळते आणि लोणच्याचे तेलही, त्यामुळे दोन्हींना एकच लेप चालणार होता.

लेपाचे तत्त्व साधे आहे. द्रव दगडात शिरून डागाला विरघळवतो, आणि वरची पावडर वाळताना तो द्रव डागासह वर ओढून घेते. पावडर म्हणून रंगाच्या दुकानात मिळणारी पांढरी चायना क्ले घेतली. मुलतानी माती घरात असते म्हणून लोक ती वापरतात, पण तिच्यात लोह असते. फिकट दगडावर, विशेषतः आम्लासोबत, ती स्वतःच डाग पाडू शकते. ॲसिटोनमध्ये कालवून लेप श्रीखंडासारखा दाट केला, डाग आधी ॲसिटोनने ओला केला आणि लेप डागाच्या कडेबाहेर दोन बोटे जाईल असा, सहा-सात मिलिमीटर जाड थापला. वर प्लास्टिकचा कागद, चारी बाजूंनी पेपर टेप. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढले, आणि मग लेप पूर्ण वाळून भुगा होईपर्यंत हात लावला नाही. ही शेवटची पायरी बहुतेक लोक गाळतात. ओला लेप पुसून टाकतात आणि म्हणतात डाग गेला नाही. ओढण्याचे काम वाळतानाच होते.

तेल गेले, पिवळट झाक मागे राहिली. त्यावर औषधाच्या दुकानातले 6 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड, बाटलीवर 20 व्हॉल्यूम लिहिलेले असते ते, कापसात भिजवून प्लास्टिकखाली ठेवले. नंतर काही दिवस ती जागा खिडकीच्या उजेडात उघडी ठेवायला सांगितली. हळदीचा रंग उन्हात उडतो, हे कपड्यांवरून घरोघरी माहीत असते. दगडावरही तो उडाला.

फिल्टरखालचा ओलसर पट्टा फक्त पाण्याचा होता. तोटी ठिबकत होती. ती दुरुस्त करून जागा टेबलफॅनसमोर कोरडी होऊ दिली, पट्टा आपोआप फिका पडला. पाण्याचा डाग वाळला की जातो, तेलाचा जात नाही. गडद डागाला औषध शोधण्याआधी त्याला कोरडे व्हायला दोन-चार दिवस द्यावेत, अर्धी उत्तरे तिथेच मिळतात.

नळाभोवतीचे वलय सर्वांत चिवट ठरले. नळ काढल्यावर कारण दिसले. प्लंबरने भोकात सफेदा, म्हणजे सांधे बंद करायची पांढरी लुगदी, भरला होता. लोखंडी पाइपाच्या आट्यांना धाग्याबरोबर सफेदा लावायची आपल्याकडची जुनी रीत आहे आणि तिथे ती ठीकच आहे. पण सफेद्यात जवसाचे तेल असते. भोकाची आतली बाजू कापलेली, पॉलिश नसलेली, म्हणजे तेल प्यायला सगळ्यांत मोकळी जागा. तेल तिथून आडवे पसरत वर दिसू लागले होते. सफेदा पूर्ण खरवडून काढला, भोकाच्या आतून आणि वरून लेप लावला, पुन्हा लावला. प्रत्येक वेळी वलय थोडे आत सरकले, पण पूर्ण गेले नाही. जवसाचे तेल हवेत सुकून घट्ट होते, आणि एकदा घट्ट झाले की ॲसिटोनला ते सहज दाद देत नाही. जितके वर्ष जुने, तितके कठीण. मी काकूंना तसे स्पष्ट सांगितले आणि तिथेच थांबलो. दगडाला सतत भिजवत ठेवण्यात अर्थ नव्हता.

सीलर, पण पावसाळ्यानंतर

हे सगळे श्रावणात चालले होते. प्लॅटफॉर्म बाहेरच्या भिंतीला लागून, आणि भिंतीला ओल. सून म्हणाली, "आता सगळं साफ झालंय तर सीलरही लगेच उरकून टाकू या ना." मी नको म्हटले. आत मुरणारा सीलर दगडातल्या रिकाम्या जागेत जाऊन बसतो, आणि ती जागा पाण्याने भरलेली असेल तर तो वरच राहतो. शिवाय ओल आत कोंडली जाते. ऑक्टोबरचे ऊन पडेपर्यंत थांबायचे ठरले. तोवर तेलाच्या बाटल्या आणि बरण्या ताटलीत ठेवायच्या, एवढेच पथ्य.

दसऱ्यानंतर पुन्हा थेंबाची परीक्षा घेतली, दगड अजूनही पाणी पीत होता. म्हणजे सीलरची गरज खरी होती. सायलेन-सिलॉक्सेन वर्गातला, थर न करणारा आणि लेबलवर अन्नाच्या जागेसाठी चालतो असे लिहिलेला सीलर निवडला. सुती फडक्याने थोड्या थोड्या जागेवर लावला, लेबलवरच्या वेळेइतका मुरू दिला, आणि वाळायच्या आत उरलेला पूर्ण पुसून काढला. मग दुसरा हात, पुन्हा तसाच पुसून. नळाच्या भोकाच्या आणि सिंकच्या कटआउटच्या कच्च्या कडांना मुद्दाम जास्त दिला. दगड सगळ्यांत जास्त पितो तो तिथेच, आणि नेमक्या त्याच कडा कोणी हाताळत नाही. दिवसभर पाणी लागू दिले नाही. नळ परत बसवताना सफेद्याऐवजी न्यूट्रल क्युअर सिलिकॉन वापरायला लावले. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन दगडाला लावू नये.

हाताला काही लागत नव्हते, चमकही वाढली नव्हती. चांगला मुरलेला सीलर दिसत नाही. काकूंनी विचारले, "लावलंय ना नक्की?" मी पाण्याचा थेंब ठेवून पंधरा मिनिटांनी पुसून दाखवला. जागा गडद झाली नाही.

पुढचा हात कधी, याला मी तारीख दिलेली नाही. फिल्टरजवळची आणि मिक्सरजवळची जागा सगळ्यात जास्त वापरली जाते. तिथे अधूनमधून थेंब ठेवून पाहायचा, गडद होऊ लागला की तेवढ्याच भागाला लावायचा. रोजच्या सफाईला भांड्यांचा साबण पाण्यात थोडा, मऊ फडके, आणि नंतर कोरडे पुसणे. बोअरच्या पाण्याला हे शेवटचे पुसणे कुठल्याही सीलरपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण खर पाणी वाळल्यावरच धरतो. हिरवी घासणी आणि तारेचा काथ्या ओट्यापासून दूर. काळ्या दगडाला खोबरेल तेल नाही. त्यावर धूळ आणि पीठ बसून चिकटा होतो आणि थेंबाची परीक्षाही खोटी ठरते.

ओटा आणि भिंतीच्या टाइल्समधला सांधा पांढऱ्या सिमेंटचा होता, तोही काळा पडलेला. तो कोरून इपॉक्सी भरायला मिस्त्रीला सांगितले. ओट्यामागून पाणी कडाप्प्याच्या कप्प्यांत उतरत होते ते त्यामुळे थांबले.

दिवाळीआधी ठेकेदाराचा माणूस नेहमीप्रमाणे आला होता. सुनेने त्याला काळा ओटा दाखवला आणि बाटली परत दिली. सिंकजवळच्या मंद जागेसाठी पॉलिशवाल्याला बोलावायचे का, यावर काकूंचे म्हणणे असे की पाणी, चिखल आणि मशीनचा आवाज घरात नको, त्या जागी तशीही भांड्यांची जाळी असते. मला ते पटले. नळाभोवतीचे वलय नव्या नळाच्या रुंद चकतीखाली बरेचसे गेले आहे. चकतीबाहेर जेवढे दिसते ते माहीत असणाऱ्यालाच दिसते.